गृहारोग्य : ‘सरकलेली’ कंबर

ताप आला कीं घरांतील माणसें रात्रभर उशाशीं बसतात. हात मोडला तर शेजारीपाजारीहि डबा घेऊन येतात. कमरेच्या जुन्या दुखण्याला मात्र आपल्या कुटुंबांत असा मान मिळत नाहीं. ताप काट्यावर दिसतो, जखम डोळ्यांना दिसते. कमरेचें दुखणें ज्याचें त्यालाच ठाऊक. पहिला आठवडा शेक, लेप आणि ‘जपून हो’ असे शब्द मिळतात. दुसऱ्या महिन्यांत विचारपूस थांबते. आणि वर्ष उलटलें म्हणजे तें दुखणें हा त्या माणसाचा स्वभावच आहे असें सर्वांनीं मनोमन ठरविलेलें असतें. त्यांतून दुखणाईत घरची सून असली, तर तें नेमकें सकाळच्या कामाच्या वेळींच कसें उठतें, असा प्रश्नहि कोणीतरी हळूच विचारून ठेवतें. (तें सकाळींच अधिक कां दुखतें याला शरीराच्या घडणीतच कारण आहे, तें पुढें येईल.)

या महिन्यांत या पानावर त्याच दुखण्याविषयीं, आणि त्यांतहि ‘कंबर सरकली’, ‘हाड चढलें’, ‘एक पाय आंखूड झाला’ अशा नांवांनीं जें ओळखलें जातें त्याविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. मी वैद्य नव्हे. परंतु दुसऱ्या बाळंतपणानंतर जडलेल्या या दुखण्याच्या सोबतीनें मीं एकवीस वर्षें संसार केला आहे, आणि एवढ्या सहवासानंतर त्याच्याविषयीं बोलण्याचा कांहींसा अधिकार मला पोंचतो असें वाटतें.

प्रथम कमरेची रचना पाहूं. कण्याच्या बुडाशीं त्रिकास्थि नांवाचें पाचरीच्या आकाराचें हाड असतें. दोन्ही बाजूंस श्रोणीचीं रुंद हाडें आणि मध्यें ही पाचर, अशी ती मांडणी आहे. दगडी कमानीच्या माथ्यावरील मधला दगड जसा भार पडतांच अधिकच घट्ट बसतो, तशीच ही पाचर वरचें धड तोलून धरते. पाचरीच्या दोन अंगांना दोन सांधे. डॉक्टर त्यांना सॅक्रो-इलिअॅक सांधे म्हणतात. गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या सांध्यासारखे हे गुळगुळीत व मोकळे नसतात. त्यांचे पृष्ठभाग खडबडीत, एकमेकांत गुंतलेले. आणि त्यांभोंवतीं जे अस्थिबंध आहेत ते सबंध शरीरांतील अत्यंत बळकट बंधांपैकीं होत.

असा सांधा ‘सरकतो’ म्हणजे किती? स्वीडनमधील संशोधकांनीं १९८९ सालीं याचें मोजमाप प्रसिद्ध केलें. रुग्णांच्या हाडांत धातूचे अगदीं बारीक मणी बसवून, दोन दिशांनीं क्ष-किरण चित्रें घेऊन, त्यांनीं उभें राहणें, बसणें, पाय लांबविणें अशा निरनिराळ्या स्थितींत सांध्याची हालचाल मोजली. सरासरी फिरकी भरली अडीच अंशांची, आणि सरक सात दशांश मिलिमीटरची. एक मिलिमीटरहि नव्हे! एवढी सूक्ष्म हालचाल जाड कातडी, चरबी आणि स्नायू यांच्या थरांवरून बोटानें चांचपून ओळखतां येते असें जो म्हणतो, त्याच्या बोटांना माझा नमस्कार असो. मला स्वतःला एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं डावी बाजू वर चढल्याचें सांगितलें होतें; दुसऱ्या एका तितक्याच जाणत्यांनीं त्याच पंधरवड्यांत उजवी. दोघांनींहि आपापली बाजू खालीं बसविली व दक्षिणा घेतली.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. हाड ‘बसविल्यावर’ पुष्कळांना खरोखरच बरें वाटतें. तें ढोंग नव्हे. पण कां बरें वाटतें? स्वीडनमध्येंच १९९८ सालीं दहा रुग्णांवर त्याच मण्यांच्या पद्धतीनें प्रयोग झाला. हाड बसविण्यापूर्वीं व नंतर, दोन्ही वेळां हाडांची स्थिति मोजली. हातांनीं करावयाच्या परीक्षांचे निकाल बसविल्यानंतर सुधारले. हाडें मात्र होतीं तेथेंच होतीं. म्हणजे झटक्यानें किंवा दाबानें स्नायूंची आवळ सैल पडते, मज्जातंतूंकडून येणारी वेदनेची सूचना कांहीं काळ मंदावते, माणूस निर्धास्तपणें हालूं लागतो; हाड जागचें हालत नाहीं. म्हणूनच तो आराम चार-आठ दिवसांत ओसरतो, आणि ‘पुन्हां सरकलें’ म्हणून पुन्हां फेरी सुरू होते. (मोठ्या अपघातांत किंवा उंचावरून पडून श्रोणि खरोखर मोडते वा निखळते ती गोष्ट निराळी. तसा मनुष्य रिक्षांत बसून हाड बसवून घ्यावयास जात नाहीं. त्याला रुग्णालयांत उचलून न्यावें लागतें.)

आंखूड पायाची गोष्टहि अशीच. पाऊण-एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक असंख्य माणसांच्या पायांत असतो आणि त्यांतील बहुतेकांना तो जन्मभर ठाऊकहि होत नाहीं. शिवाय कमरेचे स्नायू एका बाजूनें आवळले असतां, निजलेल्या माणसाचा एक पाय आंखूड भासतो. स्नायू सैल पडले कीं तो ‘लांब’ होतो. यांत चमत्कार नाहीं.

तुम्ही म्हणाल, सरकलें म्हटलें काय आणि आवळलें म्हटलें काय, दुखावयाचें तें दुखतेंच. मग नांवाचा एवढा काथ्याकूट कशाला? माझ्या मतें सारें मर्म या नांवांतच आहे. आपल्या शरीराच्या पायाचा दगडच निखळला आहे अशी ज्याची समजूत झाली, तो वांकावयाला भितो, उचलावयाला भितो, कुशीवर वळतांना श्वास कोंडून धरतो. न वापरलेले स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना साधें कामहि जड जातें. जड गेलें कीं दुखतें, आणि दुखलें कीं भीति दुणावते. कांहीं महिन्यांनीं मज्जासंस्थेलाच अशी संवय लागते कीं पूर्वीं जो ताण तिला कळतहि नसे त्यालाहि ती वेदना म्हणून ओरडूं लागते. हें दुखणें मनाचें खेळ नव्हेत. तें पूर्णपणें खरें आहे. फक्त तें निखळलेल्या हाडाचें नाहीं, आणि म्हणूनच त्यावर कांहीं करतां येण्याजोगें आहे.

एम्. आर्. आय्. चित्रांविषयींहि दोन शब्द. अमेरिकेंत १९९४ सालीं, ज्यांची कंबर मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचीं चित्रें काढून पाहिलीं, तेव्हां त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या मणक्यांमधील गादी कोठेंतरी बाहेर फुगलेली आढळली. चाळिशीनंतर केंस पिकावेत तशाच या गाद्याहि झिजतात. कागदावरील ‘झीज’, ‘फुगवटा’ हे शब्द वाचून घरांत सुतक पाळण्याचें कारण नाहीं. चित्र आणि दुखणें यांची सांगड डॉक्टरांनीं अंग तपासूनच घालावी लागते.

बाळंतिणींच्या बाबतींत थोडा विशेष आहे. गर्भारपणीं श्रोणीचे बंध काहींसे सैल होतात. रिलॅक्सिन नांवाचा जो द्रव या कार्याशीं निगडित आहे त्याचा शोध फ्रेडरिक हिसॉ यांनीं १९२६ सालीं गिनीपिग जातीच्या प्राण्यांत लाविला. पांच गर्भिणींपैकीं सुमारें एकीला कमरेच्या या भागांत दुखतें, आणि बहुतेकींचें प्रसूतीनंतर कांहीं महिन्यांत आपोआप थांबतें. ज्यांचें थांबत नाहीं अशा ८१ बायकांवर नॉर्वेमध्यें केलेला एक प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींजणींना नेहमीचे उपचार, तर कांहींजणींना त्यांबरोबरच पोट, पाठ व नितंब यांना बळकटी आणणारे व्यायाम, तेहि प्रत्येकीच्या मगदुराप्रमाणें, वीस आठवडे दिले. व्यायाम करणाऱ्यांचें दुखणें आणि परावलंबन दोन्ही स्पष्टपणें अधिक कमी झालीं. वीस आठवडे, हा आंकडा मात्र लक्षांत ठेवावा. आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस निजवून ठेवतात, आणि एकेचाळिसाव्या दिवशीं एकदम भरलेल्या बादलीशीं गांठ घालून देतात. मधली पायरी कोणी बांधलेलीच नाहीं.

निजून राहण्याविषयीं आणखी एक दाखला. फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर, त्यांची कंबर नुकतीच धरली असतां, प्रयोग झाला व तो १९९५ सालीं छापून आला. कांहींना दोन दिवस अंथरुणांत ठेविलें, कांहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि कांहींना सांगितलें कीं सोसेल तेवढें रोजचें काम चालूं ठेवा. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजचें काम करणारे; सर्वांत मागें राहिले ते अंथरुणांतले. यांतील व्यायामाची गोष्टहि ध्यानांत घेण्याजोगी आहे: कंबर नवी धरलेली असतां मुद्दाम व्यायाम करूं नये, चालतें-फिरतें रहावें, व्यायामाचें खरें कार्य जुन्या दुखण्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालच्या डिसेंबरांत जुन्या कंबरदुखीविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें त्यांतहि समजूत देणें आणि व्यायाम यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे व वजनें लावून ताणणें यांची शिफारस त्यांत नाहीं.

व्यायामाकडे वळण्यापूर्वीं एक इशारा, आणि तो ज्येष्ठांनीं विशेष वाचावा. लघवी अडूं लागली किंवा कळेनाशी झाली, बसावयाच्या जागेची कातडी बधिर झाली, पाऊल लुळें पडूं लागलें, तर त्याच दिवशीं, रात्र असली तरी, रुग्णालय गांठावें. कमरेबरोबर ताप, घाम, वजन घटणें हीं असलीं, तर आपल्या देशांत मणक्याच्या क्षयाचा विचार प्रथम केला पाहिजे. पूर्वीं कर्करोग होऊन गेलेल्यानें, पडझड झालेल्या वृद्धानें, आणि पुष्कळ दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यानेंहि आधीं तपासून घ्यावें. आणि तरुण मुलाची वा मुलीची कंबर पहांटे दुखून जाग येत असेल, सकाळीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठत असेल, आणि विश्रांतीनें वाढून हालचालीनें कमी होत असेल, तर तो सांध्यांच्या दाहाचा एक निराळाच रोग असूं शकतो. त्याला संधिरोगतज्ज्ञांचें औषध लागतें. नुसत्या व्यायामानें तो हटत नाहीं.

आतां व्यायाम. हे मीं एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या देखरेखीखालीं शिकलें, व वाचकांनींहि पहिले दोन-तीन वेळां तसेंच करावें, म्हणजे चुकीची संवय लागत नाहीं.

जमिनीवर चटई घालून उताणें निजावें, गुडघे दुमडावे, पावलें टेंकलेलीं. ओटीपोट हळूच आंत घेऊन कमरेखालची पोकळी जमिनीला लावावी व सोडावी. श्वास कोंडूं नये. दिसावयास हें इतकें क्षुल्लक आहे कीं माझ्या सासूबाईंनीं प्रथम पाहिलें तेव्हां ‘ही निजली आहे कीं व्यायाम करते आहे?’ असें विचारलें होतें. परंतु महिनोन्महिने भीतीनें ताठलेल्या कमरेला पुन्हां हालावयास शिकविणारी ही पहिली पायरी आहे. दहा वेळां झाल्यावर त्याच स्थितींत पावलांवर जोर देऊन नितंब वर उचलावे, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत सरळ रेघ यावी, पांच आंकडे मोजावे व सावकाश खालीं यावें. यालाच सेतुबंध म्हणतात. जोर पाठींत नव्हे, नितंबांत जाणवला पाहिजे. पाठींत जाणवत असेल तर उंची कमी करावी.

मग कुशीवर. दोन्ही गुडघे दुमडून, टांचा जुळलेल्या ठेवून, वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उचलावा. कंबर मागें कलंडूं देऊं नये. बाजूचे हे स्नायू एका पायावर उभें असतांना श्रोणि समतोल ठेवतात, आणि एका पायावर आपण प्रत्येक पावलागणिक उभे असतों. म्हणून याची उपेक्षा करूं नये. शेवटीं हात व गुडघे टेंकून चतुष्पाद व्हावें, मांजरासारखी पाठ वर-खालीं करून मोकळी करावी, आणि मग उजवा हात पुढें व डावा पाय मागें असे एकदम लांबवून पांच आंकडे धरावें, नंतर उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेविला आहे व तो सांडावयाचा नाहीं, असें समजावें.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळां. सारें मिळून वीस मिनिटें. आठवड्यांतून चार-पांच दिवस. त्याशिवाय रोज चालणें. आरंभीं दहा मिनिटेंच चालावें, पण दुखो वा न दुखो, तेवढें चालावेंच. आणि बरें वाटतें म्हणून पहिल्याच दिवशीं टेकडी चढूं नये. जुन्या दुखण्याच्या माणसांचा घात बहुधा चांगल्या दिवशीं होतो. किती दुखूं द्यावें याला एक सोपें माप आहे: व्यायाम करतांना थोडें दुखलें आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वस्थितीवर आलें तर चालूं ठेवावें, दुसऱ्या दिवशींहि वाढलेलेंच राहिलें तर पुढच्या खेपेस निम्मे करावे, पण बंद करूं नये. तीन-चार आठवड्यांनीं हेंच व्यायाम सोपे वाटूं लागतात; तेव्हां खुर्चीवरून हात न टेंकतां उठणें, पायरीवर चढ-उतर करणें, आणि हलकें वजन जमिनीवरून नीट उचलणें, असें पुढें सरकावें. संसारांत शेवटीं बादलीच उचलावयाची असते. तिचाहि अभ्यास हवा.

सूर्यनमस्कारांविषयीं पुष्कळ जण विचारतात. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांचा घरोघर प्रसार केला, आणि निरोगी माणसाला तो उत्तम व्यायाम आहे यांत शंका नाहीं. पण ज्याला पुढें वांकतांना कळ येते त्यानें ते आरंभींच घालूं नयेत. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांची प्रयोगशाळेंत परीक्षा सुरू केली, तेव्हांपासून आसन हें उपचार म्हणून द्यावयाचें तर माणूस पाहून द्यावें ही दृष्टि आपल्याकडे आलेली आहे. तिचा उपयोग करावा.

आतां सकाळची गोष्ट. रात्रभर आडवें असतां मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच प्रत्येक माणूस सकाळीं रात्रीपेक्षां एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेल्या गादीवर वांकतांना ताण अधिक पडतो. सबब उठल्यावर पहिला तासभर खालीं वांकून केर काढणें, फरशी पुसणें, पाणी भरलेलें भांडें उचलणें टाळावें. अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नुसतें सकाळचें वांकणें टाळल्यानेंच जुन्या दुखण्याचे दिवस कमी झाल्याचें आढळलें. आपल्या घरांत मात्र केर-पाणी हें सूर्योदयाच्या आंतच झालें पाहिजे असा दंडक आहे! तो तासभर पुढें ढकलला तर लक्ष्मी रुसत नाहीं. ज्या घरांत चार कर्तीं माणसें आहेत तेथें सकाळचें वांकण्याचें काम दुसऱ्यानें, आणि दुपारचें निवडणें-टिपणें दुखणाइतानें, अशी अदलाबदल सहज होण्याजोगी आहे. यांत पुरुषांनाहि मी वगळीत नाहीं. केरसुणीला जात नसते.

मुलाला नेहमीं एकाच कडेवर घेऊं नये. ओट्याशीं फार वेळ उभें रहावयाचें असेल तर एक पाऊल पाटावर ठेवावें, मधून मधून बदलावें. संगणकापुढें बसून नोकरी करणाऱ्यांनीं अर्ध्या तासानें एकदां उठून पाणी पिऊन यावें. कोणतीहि बैठक कितीहि शास्त्रोक्त असली तरी तींत तासन्‌तास बसणें वाईटच. जमिनीवर मांडी घालून जेवणें ज्याला सोसतें त्यानें तें खुशाल चालूं ठेवावें. ज्याला सोसत नाहीं त्याला पंक्तींत खुर्ची दिली म्हणून कांहीं बिघडत नाहीं, आणि ती देतांना त्याकडे चार जणांनीं वळून पाहूं नये.

सासूबाईंना एक विनंती आहे. सुनेचीं हीं वीस मिनिटें ती स्वतः मागणार नाहीं. मागण्याचा संकोच दुखण्यापेक्षां मोठा असतो. आपणच वेळ नेमून द्यावी, आणि त्या वेळांत दारावरची घंटा, दूधवाला व धाकटा नातू यांचा बंदोबस्त दुसऱ्या कोणाकडे सोंपवावा. माझ्याकडे ही व्यवस्था संध्याकाळीं पांच वाजतां झाली, आणि ती सासूबाईंनींच केली. आतां त्यांना स्वतःला सत्त्याहत्तरावें वर्ष चालूं आहे; पलंगावर निजून त्याहि सेतुबंध करतात, फक्त नितंब दोन बोटें उचलतात. तेवढेंहि त्यांना पलंगावरून एकट्यानें उठावयास पुरतें.

चटई मात्र गुंडाळून कपाटाआड ठेवूं नये. ती गुंडाळली कीं व्यायाम आठवड्याभरांत बंद पडतो असा माझा अनुभव आहे. खोलीच्या कोपऱ्यांत ती पसरलेलीच राहूं द्यावी. मुलें येऊन शेजारीं लोळतील, पाय वर करून हंसतील, लोळूं द्यावें.